ताम्हिणीच्या अल्याड-पल्याड

पुण्यातून पौड रस्त्याने निघाले की पिरंगुट लागते, मग पौड, मग मुळशी धरणाचे लांबच लांब पाणी. पाण्याच्या कडेकडेने जात रस्ता ताम्हिणीला पोचतो. तिथे विंझाई देवीचे देऊळ आहे. त्यापुढे रस्ता घाटात शिरतो, निजामपूरच्या बाजूला कोकणात उतरतो आणि माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. पावसाळ्यात या वाटेवर धबधबे पाहायला जाणाऱ्यांची रीघ असते. या वाटेच्या दोन टोकांना दोन पुतळे उभे आहेत, याची मात्र फारशी कुणी दखल घेत नाही. एक पुण्यात शिवाजीनगरला: घोड्यावर स्वार छत्रपती शिवाजी महाराज. दुसरा माणगावला, तहसील कचेरीच्या आवारात: मराठा पलटणीतला बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे. एक राजा, एक शिपाई. दोघांचीही कथा १९२१ सालच्या नोव्हेंबरातल्या एकाच आठवड्यापाशी येऊन मिळते, आणि त्या वेळी घाटमाथ्यावर, या दोन टोकांच्या बरोबर मध्ये, तिसरीच एक लढाई पेटलेली होती.

लढाईत पडलेल्या माणसासाठी दगड उभा करायची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली नाही. मुळशी-मावळात, कोकणात, देशावर कितीतरी गावांत देवळाच्या अंगणात वीरगळ दिसतात. काही अर्धे जमिनीत गेलेले, काही शेंदूर फासून देव झालेले. त्यांची मांडणी ठरलेली असते. तळाच्या चौकटीत लढाई: हातात ढाल-तलवार, समोर शत्रू, कधी पायाशी पळवून नेल्या जाणाऱ्या गाई. तिच्या वरच्या चौकटीत अप्सरा वीराला उचलून नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य; ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या गलबतांची सागरी लढाई कोरली आहे. बहुतेक वीरगळांवर नाव नसते, पण गावाला माहीत असायचे की हा आपल्यातला. पुढे जे काही युद्धस्मारक म्हणून आपल्याकडे उभे राहिले, ते मी या दगडाशेजारी ठेवून पाहतो. गावाने आपल्या माणसासाठी उभारलेले स्मारक आणि सरकारने आपल्या कामासाठी उभारलेले स्मारक यांतला फरक तिथे लगेच कळतो.

पहिल्या महायुद्धात मराठी मुलखातली पोरे फार लांब गेली. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज वर सरकत गेली तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडून माघार घेत ही फौज टायग्रिसच्या वळणावर कूत-अल-अमारा या गावात अडकली. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा घातला. धान्य संपले, घोडी-खेचरे कापून खायची वेळ आली, सुटकेसाठी आलेल्या फौजा वाटेतच अडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी, आजारी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. वाळवंटातून चालत नेलेल्या कैद्यांपैकी कित्येक वाटेतच गेले. मराठा पलटणींनी याच आघाडीवर पुढे मोठे नावही कमावले. १९१८ च्या अखेरीस शर्कतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने जो पराक्रम केला, तो रेजिमेंट आजही अभिमानाने सांगते. ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. घरी मात्र तार आली किंवा तीही आली नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात मेले. सरकारने गावात त्यांच्या नावाचा स्तंभ उभारला, आणि गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. दिल्लीत १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते ज्या कमानीचा पाया घातला गेला, ती पुढे इंडिया गेट झाली. त्या महायुद्धात मेलेल्या सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांची ती आठवण. भिंतींवर नावे कोरलेली आहेत तेरा हजारांच्या घरात.

त्याच वर्षी पुण्यात दोन पायाभरण्या एकत्र झाल्या. एक मराठा युद्धस्मारकाची आणि दुसरी शिवस्मारकाची. शिवस्मारकामागची इच्छाशक्ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर मराठा संस्थानिक त्यांच्याबरोबर होते. पाया घालायला येणार होता इंग्लंडचा युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स. या जोडणीकडे नीट पाहायला हवे. सरकारच्या दृष्टीने गणित साधे होते: मराठ्यांनी साम्राज्यासाठी रक्त सांडले, त्याची पावती म्हणून त्यांच्या राजाला पुतळा, म्हणजे पुढच्या युद्धालाही भरती चालू राहील. शाहू महाराजांचे गणित निराळे होते. ज्या शिवाजीचे नाव काढले की काही दशकांपूर्वी राजद्रोहाचा वास येत असे, त्याच्या पुतळ्याचा पाया खुद्द राजपुत्राच्या हातून घालून घ्यायचा. आणि शेतकरी-कुणब्यांच्या पोरांना, जी पलटणीत शिपाई म्हणून मरत होती, त्यांना हा आपला राजा असे उघड म्हणता यावे. शाहू महाराज सरकारच्या फार जवळ गेले, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. मला वाटते, या बाबतीत त्यांनी सरकारकडून जे वसूल केले ते दिलेल्यापेक्षा जास्त टिकले.

आता तो आठवडा. १६ नोव्हेंबर १९२१ रोजी कुलाबा जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावात घाडगे यांच्या घरी यशवंत जन्मला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, युवराज मुंबईच्या धक्क्यावर उतरला. असहकाराची चळवळ भरात होती, काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता, आणि मुंबईत दंगल उसळली. गांधीजी शहरातच होते. दंगल थांबावी म्हणून त्यांनी उपोषण धरले. मुंबई अशी धुमसत असतानाच १९ तारखेला युवराज पुण्यात आला आणि दोन्ही पाये घातले गेले. सहा महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज गेले. पुतळा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आणि घाटमाथ्यावर? मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीचे धरण होणार होते. खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे त्यात जाणार होती. ताम्हिणीच्या बाजूपासून पौडच्या दिशेपर्यंतची भातखाचरे, देवळे, मावळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वतनी जमिनी. सरकारने सार्वजनिक कामासाठी जमिनी घेण्याचा कायदा खासगी कंपनीसाठी वापरला. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. हजाराच्या वर माणसे कामावर जाऊन बसली. बायका पोरांना घेऊन पुढे होत्या. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव अशी मंडळी पुढे आली. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा लढा उभा राहिला. बापटांना याच लढ्याने ‘सेनापती’ केले. तीन वेळा त्यांना तुरुंगात जावे लागले. शेवटी रेल्वेगाडी अडवण्याच्या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली. धरण थांबले नाही. सावकार-जमीनदारांनी मोबदला घेतला, कुळे उघडी पडली, आणि पाणी चढले.

पुण्यात मावळ्यांच्या राजाचा पाया घातला जात होता आणि पुण्यापासून एका दिवसाच्या चालीवर मावळ्यांची जमीन जात होती. त्या वेळच्या लोकांना ही विसंगती दिसत नव्हती, असे नाही. मुळशीच्या बाजूने लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी शिवाजीचे मावळे हा धागा वारंवार धरला. एकाच नावावर सरकार स्मारक बांधत होते आणि त्याच नावावर शेतकरी सरकारशी लढत होता.

पुतळ्याचे काम अखेर आले विनायक पांडुरंग करमरकर यांच्याकडे. तेही कुलाबा जिल्ह्यातलेच, अलिबागजवळच्या सासवण्याचे, जन्म १८९१. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कलेक्टर ऑटो रॉथफेल्डच्या ते नजरेस पडले आणि त्याने मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जायची वाट करून दिली. पुढे करमरकर कोलकात्यात राहिले, ठाकूर कुटुंबातल्या सुरेंद्रनाथांचा त्यांना आधार मिळाला, लंडनला जाऊन शिकून आले. ज्या पोराने भिंतीवर महाराज रेखाटले, त्याच्याकडे महाराजांचा अश्वारूढ पुतळा यावा, हा योग विलक्षण खरा. पण काम योगाने होत नाही.

अश्वारूढ पुतळा म्हणजे शिल्पकाराची परीक्षाच. माणूस उभा असला तर भार सरळ खाली जातो. इथे घोड्याचे पोट, मान, वर बसलेला माणूस, सगळे वजन घोड्याच्या बारीक पायांवर तोलायचे. आधी मातीत पुतळा घडवायचा. त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा. साच्याच्या आतल्या अंगाला मेणाचा पातळ थर, त्याच्या आत गाभा. मग भट्टीत तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या मोकळ्या जागेत वितळलेले ब्राँझ सोडायचे. हवा कुठे अडकली तर पोकळी राहते. धातू अर्ध्यात थिजला तर वर्षाची मेहनत मातीत. म्हणून मोठे पुतळे तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडण्याची रीत. करमरकरांचा पुतळा मात्र एकसंध ओतला गेला, मुंबईत माझगावच्या गोदीत, जिथे जहाजांची ओतकामे होत. एवढा मोठा पुतळा एका ओतीत काढणे हे त्या काळच्या हिंदुस्थानात धाडस होते, आणि ते साधले.

१६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सनच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच दिवसांत गुजरातेत बारडोलीचे शेतकरी वल्लभभाई पटेलांच्या मागे उभे राहून याच विल्सनच्या सरकारशी शेतसाऱ्यावरून झुंजत होते. मुळशीत हरलेला डाव बारडोलीत शेतकऱ्याने जिंकला. पुण्यात ज्याच्या हातून पडदा सरला, त्याच्याच सरकारला काही आठवड्यांनी बारडोलीपुढे नमावे लागले.

त्या पुतळ्याने काय केले, ते त्याच्या मालकांच्या हिशेबात नव्हते. तो जिथे उभा राहिला त्या भांबुर्ड्याचे नाव पुढे शिवाजीनगर झाले. १९३२ साली त्याच आवारात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले, आणि पोरे रोज महाराजांच्या समोरून कवायतीला जाऊ लागली. युवराजाचे नाव लोक विसरले, गव्हर्नरचेही विसरले. आज त्या पुतळ्यापुढे उभे राहणाऱ्याला तो साम्राज्याच्या कृतज्ञतेचा वाटत नाही. तो महाराजांचा आहे, आणि करमरकरांचा. सरकारने ज्या हेतूने पुतळा उभारला तो हेतू इतक्या लवकर गळून पडावा, हे करमरकरांच्या हाताचे यश आहे असे मी मानतो. त्यांनी राजनिष्ठ शिवाजी घडवला नाही. देवळाच्या भिंतीवरचा शिवाजी घडवला.

१९२२ मध्ये मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, केंद्र बेळगावला. तिची रणगर्जना महाराजांच्या नावाची. पळसगावचा यशवंत घाडगे तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये भरती झाला आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेला.

१० जुलै १९४४. इटलीच्या मध्यभागी टायबर नदीचे वरचे खोरे. टेकड्यांवर दगडी गावे, उतारावर ऑलिव्हची झाडे, आणि वरच्या प्रत्येक टेकाडावर जर्मन मोर्चा. कंपनीने चढाई केली. घाडग्यांच्या हाताखालची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. क्षणात सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले; उभा राहिला एकटा नाईक. मागे आता कुणी नाही हे त्याला माहीत होते. तरी तो पुढे धावला. आधी हातबाँब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोघेही गारद झाले. मग टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. मॅगझीन संपले होते, बदलायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना झोडपून मारले. मोर्चा हाती आला. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या, आणि ताब्यात घेतलेल्या मोर्चातच तो पडला. नोव्हेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलने ते पदक घाडग्यांच्या पत्नीच्या हाती दिले.

वीरगळाच्या तळाच्या चौकटीत जे कोरतात, ते हेच. एकटा माणूस, हातात शस्त्र, समोर अनेक. बंदुकीचा दांडका म्हणून वापर करणारा नाईक आणि ढाल टाकून पुढे झेपावणारा यादवकाळातला शिपाई यांच्यात सात शतकांचे अंतर आहे, हे सांगितल्याशिवाय लक्षात येऊ नये.

मग प्रश्न येतो, आणि तो टाळून चालत नाही: इंग्रजांच्या फौजेत मेलेल्या माणसाच्या पुतळ्याला देशभक्तीचा पुतळा म्हणायचे का? १९४४ मध्ये ‘चले जाव’मधले हजारो लोक तुरुंगात होते, आझाद हिंद सेना इंफाळपाशी लढत होती. पळसगावच्या पोराला पगार इंग्रज देत होता. हा आक्षेप खोटा नाही. पण तो शिपायावर ठेवणे मला पटत नाही. पलटणीत जायचे कारण बहुतेक घरांत एकच होते: कोकणातली तुटपुंजी शेती. टेकडीवर एकटा उरल्यावर तो मागे फिरला असता तरी कुणी दोष दिला नसता. तो पुढे गेला तो तुकडीतल्या पडलेल्या पोरांसाठी, पलटणीच्या नावासाठी, महाराजांच्या ज्या नावाने चढाई होते त्यासाठी. आणि त्याची लढाई फॅसिझमविरुद्धची होती, हेही विसरता येत नाही. स्वतंत्र भारतात माणगावने त्याला तहसील कचेरीच्या आवारात उभे केले, तो निवाडा गावाचा आहे. सातबारा काढायला, फेरफार नोंदवायला रांगेत उभा राहणारा शेतकरी त्याच्या शेजारून जातो. जमिनीची नोंद आणि जान देणाऱ्याची नोंद एका आवारात असावी, याहून योग्य जागा मला सुचत नाही.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. त्याच्या वीरता चक्रात सहा ब्राँझची उठावशिल्पे आहेत: १९४८ चे तिथवाल, १९६२ चे रेझांग ला, १९७१ चे लोंगेवाला, गंगासागर आणि कराचीवरचे ऑपरेशन ट्रायडंट, आणि सियाचीनचे ऑपरेशन मेघदूत. घडवणारे हात पुन्हा मराठी, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार, जन्म १९२५. सुतारांची ओळख गुजरातेतल्या सरदार पटेलांच्या महाकाय पुतळ्यामुळे झाली, पण मला ही उठावशिल्पे अधिक मोलाची वाटतात. एकट्या थोर पुरुषाऐवजी इथे लढाई सांगितली आहे, चौकटीत, धातूच्या भिंतीवर, जशी वीरगळात सांगत आले. त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत, प्रत्येकाला एक वीट. राजा नाही, युवराज नाही. शिपायाचे नाव आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर नाव लिहून घेण्याचे काम आपल्या देशाने पहिल्यांदाच केले.

पण ती नावे स्वातंत्र्यानंतरची. शेजारच्या इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धाच्या आणि त्याला लागून झालेल्या लढायांच्या काळातली. मधले जे आहे, म्हणजे केरेन, टोब्रुक, कॅसिनो, टायबर, कोहिमा, ते दिल्लीतल्या या दोन्ही भव्य स्मारकांतून निसटते. ते सापडते कॉमनवेल्थच्या दफनभूमींत, आणि माणगावसारख्या ठिकाणी. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त हिंदी सैनिक उतरले होते, ५,७८२ मेले. त्या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे, आणि त्या सहांत दोन मराठा पलटणीचे: यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणणारे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. जाधव परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडग्यांना ज्ञात कबर नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. जुलै २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या माँटोने या गावाने, ज्याच्या आसपास ती लढाई झाली, घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. इटलीच्या लोकांनी पुतळा बसवला नाही. त्यांनी सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारे घड्याळ बसवले आहे.